न पाठवलेली राखी



श्रावण आला की आपल्या राजेंद्रनगरच्या बाजारात राख्यांचे ठेले लागतात. परवा संध्याकाळी सेव आणायला म्हणून गेले आणि अर्धा तास राख्याच बघत उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "आंटी, कितनी दूं?" मी म्हटलं, "एकच." ही एक राखी विकत घ्यायला मला मधे नऊ वर्षं लागली होती. ते का, हे या महिन्याच्या सदरात सांगायचं ठरवलंय. एरवी मी तुम्हाला जुन्या इंदूरच्या गमतीजमती, सणवार, खाणंपिणं यांबद्दल सांगते. आजचं लिखाण थोडं वेगळं आहे, आणि ते जास्त करून तुम्हा तरुण मुलामुलींसाठी आहे.

मला एक धाकटा भाऊ आहे, पुण्यात असतो. रामबागेतलं आमचं जुनं घर वडिलांच्या पश्चात विकलं गेलं, तेव्हा आमच्यात वाजलं. पैशांचा हिशेब मला नीट सांगितला गेला नाही, आईच्या पाटल्या कुठे गेल्या ते कळलं नाही. तेही मी सोसलं असतं. पण आई दवाखान्यात असताना, मी रात्र रात्र तिच्या उशाशी बसलेली असताना, तो म्हणाला, "ताई, तू लग्न होऊन गेलीस, आता या घरात तुझा काय संबंध?" हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. आईचे दिवस झाले, सगळे पांगले, आणि आमचा अबोला सुरू झाला. तुम्ही याला 'ब्लॉक केलं' म्हणता. आमच्या पिढीत फोन उचलायचा नाही, लग्नकार्यात दुसऱ्या टोकाला बसायचं, आणि राखी पाठवायची नाही.

मी बँकेत चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. त्यामुळे स्वतःची समजूतही मी बँकेच्या भाषेत घातली, "हे खातं मी राइट-ऑफ केलं." ज्यांचं बँकेशी काम पडलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. कर्ज बुडीत निघालं की बँक ते आपल्या ताळेबंदातून काढून टाकते, त्याला राइट-ऑफ म्हणतात. लोकांना वाटतं, कर्ज माफ झालं. तसं मुळीच नसतं. वसुली चालूच राहते, नोटिसा जातात, कोर्टकचेरी होते. कर्जमाफी वेगळी. माफीत बँक आपला हक्कच सोडून देते.

माझं नेमकं राइट-ऑफच झालं होतं. भाऊ माझ्या वहीत नव्हता, पण वसुली रोज चालू होती. रात्री दोन वाजता जाग यायची आणि मी मनातल्या मनात त्याला सुनवायला लागायची. तो काय म्हणेल, मग मी काय म्हणेन, मग तो कसा गप्प होईल. पहाटेपर्यंत खटला चालायचा आणि सकाळी पोहे करताना हात जड झालेले असायचे. ब्लड प्रेशरची गोळी याच काळात सुरू झाली. मुलं म्हणायची, "आई, सोड ना आता." सोड म्हटल्याने सुटत असतं तर काय हवं होतं!

आमच्या कॉलनीत एक निवृत्त नर्स राहतात. वय पंचाहत्तरच्या आसपास, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती. लहानथोर सगळे त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. "मी अहिल्याबाईंच्या माहेरची, नोकरीने त्यांच्या सासरी आले," हा त्यांचा नेहमीचा विनोद. चौंडी त्यांच्याच जिल्ह्यात, त्यामुळे विनोदाला आधारही आहे. संध्याकाळी आम्ही दोघी बागेत फेऱ्या मारतो. एकदा राखीच्या दिवसांत त्यांनी सहज विचारलं, "अगं, तुझा भाऊ येतो का गं राखीला?" आणि माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील, बिचारी! त्या म्हणाल्या, "फेब्रुवारीत माझ्याबरोबर उदयनगरला चल."

उदयनगर आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यात आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी हे नाव ऐकलंही नसेल. मलाही नीट माहीत नव्हतं, आणि मी जन्माने इंदूरची! जाताना गाडीत मावशींनी जे सांगितलं, ते आपल्याच इंदूरच्या आसपास घडलेलं आहे.

केरळमधल्या पुल्लुवळी गावात २९ जानेवारी १९५४ रोजी मरियम नावाची मुलगी जन्मली. पुढे ती फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात धर्मभगिनी झाली आणि सिस्टर राणी मारिया म्हणून उत्तर भारतात आली. आधी बिजनौर, मग सतना धर्मप्रांत, आणि १९९२ पासून उदयनगर. इथल्या आदिवासी शेतमजुरांची अवस्था तिने पाहिली. सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि पिढ्यान्‌पिढ्या फेडत राहायचं. सिस्टरने त्यांना सरकारी योजना समजावल्या, बँकेपर्यंत नेलं, बचत करायला शिकवलं, हक्क मागायला शिकवलं. मी बँकेतली, त्यामुळे हे ऐकताना मला कळत होतं की एका निरक्षर बाईला बँकेच्या काउंटरपाशी उभं करणं म्हणजे काय काम असतं. साहजिकच ज्यांचा धंदा बुडत होता त्यांना ही बाई सलायला लागली.

२५ फेब्रुवारी १९९५. सिस्टर सकाळच्या बसने उदयनगरहून इंदूरला निघाली होती. त्याच बसमध्ये समंदर सिंह नावाचा एक तरुण होता. त्याला भडकवून पाठवलेलं होतं. नाचनबोरच्या डोंगराळ भागात त्याने बस थांबवायला लावली आणि भर बसमध्ये तिच्यावर चाकूने वार केले. पन्नासहून जास्त जखमा झाल्या. बस प्रवाशांनी भरलेली होती, पण मधे कुणी पडलं नाही. सिस्टर तिथेच गेली. वय एक्केचाळीस.

समंदर सिंहला जन्मठेप झाली आणि तो इंदूरच्या तुरुंगात आला. ज्यांनी त्याला पुढे केलं असं तो सांगत होता, ते सुटले. तो आत असताना त्याचा संसार मोडला, बायको सोडून गेली, लहान मुलगा वारला. बाहेर पडलो की ज्यांनी मला या मार्गाला लावलं त्यांना संपवायचं, या एका विचारावर तो दिवस काढत होता. मंडळी, म्हणजे सूडाचा खटला त्याच्याही मनात रोज रात्री चालत होता.

स्वामी सदानंद नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू होते. वेश साधूचा, राहणी साधूची. ते त्याला तुरुंगात भेटायला जाऊ लागले. एकदा जाऊन भागलं नाही, पुन्हा पुन्हा गेले. त्याच्या मनातला सूड हळूहळू निवला, पश्चात्ताप जागा झाला. आणि ऑगस्ट २००२ मध्ये, राखीच्या दिवसांत, राणी मारियाची सख्खी धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल त्या तुरुंगात गेली. ज्या हाताने आपल्या बहिणीला मारलं, त्याच हाताला तिने राखी बांधली आणि त्याला भाऊ म्हटलं.

मावशी इथे थांबल्या. मी खिडकीबाहेर बघत होते. शेतांत गहू उभा होता. माझ्या मनात एकच गोष्ट घुमत होती. ती राखी आपल्याच इंदूरच्या तुरुंगात बांधली गेली होती. त्या वर्षी मीही भावाला राखी बांधली असणार, त्याने ओवाळणी घातली असणार, आणि आम्ही जिलेबी खाल्ली असणार. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर हे घडत होतं आणि मला पत्ताच नव्हता.

पुढची हकीकत अशी. सिस्टरच्या घरच्यांनी आणि तिच्या संघाने त्याच्या सुटकेसाठी लिहून दिलं, आणि २००६ मध्ये, अकरा वर्षांनी, तो बाहेर आला. २००७ मध्ये तो स्वामी सदानंदांबरोबर केरळात सिस्टरच्या घरी गेला. तिच्या म्हाताऱ्या आईने, एलिस्वाने, त्याचे हात हातात घेतले आणि त्या हातांचं चुंबन घेतलं. आपल्या लेकीचं रक्त या हातांना लागलं होतं, हीच तिची भावना होती. सुटल्यावर तो शेती करू लागला, आणि शेतातलं पीक घेऊन उदयनगरला तिच्या कबरीवर येऊ लागला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये मोठा सोहळा होऊन कॅथलिक चर्चने राणी मारियाला 'धन्य' घोषित केलं. त्या सोहळ्याला समंदर सिंह हजर होता.

उदयनगरला आम्ही तिच्या कबरीपाशी बसलो. खेड्यापाड्यांतल्या बायका आल्या होत्या, फुलं वाहत होत्या. मावशी प्रोटेस्टंट, सिस्टर कॅथलिक. "आमची मंडळी वेगळी," मावशी म्हणाल्या, "पण प्रभू तोच." मी हात जोडून बसले, जशी गणपतीच्या देवळात बसते तशीच.

परतताना मी मावशींना माझ्या मनातलं विचारलं. "हे सगळं संतांना जमतं हो. आपल्याकडे एकनाथ महाराजांची गोष्ट आहे ना, गोदावरीतून स्नान करून आले की तो माणूस अंगावर थुंकायचा, आणि नाथ पुन्हा स्नानाला जायचे. पण नाथांना राग आलाच नाही. मला येतो. माझ्यासारखीने काय करायचं?"

मावशी म्हणाल्या, "अगं, बहीण मेली १९९५ ला आणि राखी बांधली २००२ ला. मधली सात वर्षं तू का मोजत नाहीस?"

मंडळी, हे मला फार पटलं. त्या सात वर्षांत त्या बहिणीच्या मनात काय काय चाललं असेल ते तिचं तिला ठाऊक. पण वेळ लागतो, आणि वेळ लागला म्हणून आपण वाईट ठरत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

मग मावशींनी मला त्यांच्या शास्त्रातली एक गोष्ट सांगितली. मत्तयच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात आहे. पेत्र नावाचा शिष्य येशूला विचारतो, भाऊ माझा अपराध करत राहिला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, सातच्या सत्तरपट. आणि मग गोष्ट सांगतो. एका राजाचा सेवक होता, त्याच्यावर राजाचं १०,००० तालांत कर्ज होतं. फेडणं अशक्य. तो पाया पडला, राजाला दया आली, सगळं कर्ज माफ. तोच सेवक बाहेर पडला तर त्याला एक सोबती भेटला, ज्याच्याकडून याला १०० दीनार येणं होतं. याने त्याचा गळा धरला आणि त्याला तुरुंगात टाकलं. राजाला हे कळल्यावर काय झालं असेल, तुम्हीच ओळखा.

मी म्हटलं, तालांत म्हणजे किती? कर्ज विभागाची सवय जात नाही! मावशींना माहीत होतं. एक दीनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. मी गाडीतच हिशेब केला. सोबत्याचं कर्ज १०० दिवसांची मजुरी, म्हणजे तीन-साडेतीन महिने. ही काही लहान रक्कम नाही, हे लक्षात घ्या. दुखावलं गेलेलं असतं ते खरंच असतं. पण सेवकाचं स्वतःचं माफ झालेलं कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीचं, म्हणजे सुमारे १ लाख ६४ हजार वर्षांचं! एका दीनारमागे त्याला सहा लाख दीनार माफ झाले होते, आणि तो त्या एका दीनारसाठी गळा धरत होता.

"आमच्या विश्वासात क्षमेचं मूळ इथे आहे," मावशी म्हणाल्या. "समोरचा लायक आहे म्हणून आम्ही माफ करत नाही. आम्ही फार मोठ्या मनाचे आहोत म्हणूनही नाही. आमचं स्वतःचं मोठं कर्ज प्रभूने माफ केलंय, वधस्तंभावर त्याची किंमत भरलीय, म्हणून. रोजच्या प्रार्थनेत आम्ही देवाला म्हणतो, आमचं ऋण सोड, आणि त्याच वाक्यात सांगतो की आम्हीही इतरांचं सोडलंय. दुसरा भाग खोटा असेल तर पहिला कोणत्या तोंडाने म्हणायचा?"

मी गप्प झाले. घरी आले, पण तो हिशेब डोक्यातून जाईना. माझ्या भावाचं माझ्याकडे येणं किती, ते मला पाठ होतं. माझं देणं मी कधी काढलंच नव्हतं.

मग एका रात्री दोन वाजता जाग आली तेव्हा मी उलटा हिशेब मांडला. मी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न ठरवलं तेव्हा वडील महिनोन्‌महिने माझ्याशी बोलत नव्हते. तेव्हा एकोणीस वर्षांचा माझा भाऊ सायकलवरून माझ्या हॉस्टेलवर डबा घेऊन यायचा आणि वडिलांकडे माझी बाजू मांडायचा. हे मी विसरले होते. आणि एक गोष्ट मी विसरले नव्हते, पण दाबून ठेवली होती. आमचा अबोला चालू असताना भाचीच्या लग्नाची बोलणी इंदूरच्या एका घराशी चालली होती. त्या घरच्या बाईंनी चौकशीला मला फोन केला, जसा आपण सगळेच करतो. मी वाईट काहीच बोलले नाही. फक्त म्हटलं, "आमचं येणंजाणं नाही हो. का नाही, ते त्यांनाच विचारा." ज्या सुरात म्हटलं, तो सूर मला अजून आठवतो. ते स्थळ पुढे गेलं नाही. भाचीचं नंतर दुसरीकडे लग्न झालं, मला पत्रिका आली नाही. त्या पोरीने माझं काय बिघडवलं होतं? हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. आज तुम्हाला सांगतेय.

त्या रात्री पहिल्यांदा मनातला खटला चालला नाही. मी रडले मात्र खूप.

दुसऱ्या दिवशी मावशींना जाऊन सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाल्या, "आता रोज त्याचं नाव घेऊन त्याच्या भल्यासाठी प्रार्थना कर. तुझ्या देवापुढे कर. मनात नसलं तरी कर." मी विचारलं, मनात नसताना केलेली प्रार्थना खोटी नाही का? त्या म्हणाल्या, "गोळी घेताना मनात असतं का तुझ्या?"

पहिले पंधरा दिवस नुसते शब्द होते. भावाचं नाव घेतलं की पाटल्या आठवायच्या. मी मावशींना म्हटलं, माफ केलं म्हणते आणि दुसऱ्या दिवशी राग परत येतो. त्या म्हणाल्या, "म्हणून तर सातच्या सत्तरपट. तुला काय वाटलं, तो ४९० वेळा नवा अपराध करणार आहे? एकच अपराध रात्री ४९० वेळा आठवतो. तितक्या वेळा सोडायचा."

हे फक्त देवधर्माचं बोलणं नाही, हेही सांगते, कारण तुम्ही मुलं लगेच विचाराल. अमेरिकेत एव्हरेट वर्दिंग्टन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती. क्षमा या विषयावर त्यांचं संशोधन चालू असतानाच, १९९६ सुरू होता होता, त्यांच्या आईचा घरात शिरलेल्या चोराने खून केला. दुसऱ्यांना शिकवत होते ते स्वतःवर करून बघायची वेळ आली. त्यांनी क्षमेच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. जे झालं ते प्रामाणिकपणे आठवायचं. समोरच्याच्या जागी उभं राहून बघायचं. आपल्याला कधीतरी मिळालेली क्षमा आठवून तशीच ती भेट म्हणून द्यायची. ती दिली असं ठरवून कुठेतरी बोलून किंवा लिहून ठेवायचं. आणि शंका येईल तेव्हा तो निर्णय धरून ठेवायचा. नगरच्या मावशींनी बागेत फेऱ्या मारता मारता मला याच पायऱ्या चढायला लावल्या होत्या.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण तुमच्यातल्या मुलींना विशेषकरून हे कळायला हवं. क्षमा म्हणजे झालं ते बरोबर होतं असं म्हणणं नाही. समंदर सिंहला कोर्टाने शिक्षा दिली आणि अकरा वर्षं त्याने ती भोगली. ओडिशात जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळून मारलं, तेव्हा त्यांची पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि बारिपदातलं कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं. खटला मात्र चालला, मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. क्षमा माणसाने करायची असते, न्याय कोर्टाने. घरात कुणी हात उगारत असेल, त्रास देत असेल, तर तिथे राहून सोसणं म्हणजे क्षमा नव्हे. आधी बाहेर पडा, मोठ्या माणसाला सांगा, तक्रार करा. क्षमेचा विचार सुरक्षित जागी बसून, आपल्या वेळेने करता येतो. आणि ती दुसऱ्याने मागून घ्यायची किंवा लादायची गोष्टच नाही.

माझं प्रकरण तेवढं भयंकर नव्हतं. माझ्यापुढे फक्त एक पोस्टाचं पाकीट होतं.

गेल्या वर्षी श्रावणात मी साधी रेशमाची राखी आणली. बरोबर पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं, कारण प्रत्येक वेळी दुसऱ्या परिच्छेदात पाटल्या यायच्या. पाचव्यांदा लिहिलं ते असं होतं: तुझं ते दवाखान्यातलं बोलणं मला फार लागलं होतं. ते आता मी सोडलंय, त्याबद्दल तुझ्याकडून काही नको. पण तुझ्या मुलीच्या स्थळाच्या वेळी मी फोनवर जे बोलले, ते चुकीचं होतं. त्याची मी तुझी आणि तिची क्षमा मागते. डबा घेऊन यायचास ते आठवतं. ताई.

पाकीट डब्यात टाकलं आणि हात थरथरले. आठ दिवस काही नाही. राखी पौर्णिमेचा दिवस गेला, काही नाही. मी मनाला बजावत होते, हक्क सोडलाय ना, मग उत्तराची वसुली कशाला? नवव्या दिवशी फोनवर दोन शब्दांचा मेसेज आला. "मिळाली. बांधली."

बस, एवढंच. स्थळाच्या त्या फोनबद्दल तो काहीच बोलला नाही. नंतर दिवाळीला पाच मिनिटं बोललो, हवापाण्याच्या गप्पा. भाची अजून बोलत नाही. तिने माफ करायचं की नाही, आणि किती वेळ घ्यायचा, हे तिच्या हातात आहे. मला नऊ वर्षं लागली, मग तिला घाई कशी करू?

गोळी चालू आहे, डॉक्टरांनी बंद केलेली नाही. क्षमा केली आणि सगळे आजार पळाले असं मी सांगणार नाही. पण रात्री झोप लागते. मधे जाग आलीच तर पाणी पिऊन पुन्हा झोपते. आईची आठवण आता दवाखान्यातल्या त्या वाक्याशिवाय येते. रामबागेतल्या ओट्यावर ती चकल्या पाडताना दिसते आणि आम्ही दोघं भावंडं कच्च्या चकल्या पळवताना दिसतो. नऊ वर्षं मला ही आई दिसली नव्हती. माझ्यापुरतं बरं होणं म्हणतात ते हेच.

मावशींचा विश्वास त्यांचा, माझी पूजा माझी. आम्ही एकमेकींच्या देवघरात ढवळाढवळ करत नाही. पण त्यांच्या विश्वासाने जी वाट मला दाखवली, ती मला माझ्या दारापर्यंत घेऊन आली, हे कबूल करायला हवं.

तर मुलांनो, राखी जवळ आली आहे. तुमच्या फोनमधली ब्लॉक केलेली यादी एकदा उघडून बघा. सगळ्यांना अनब्लॉक करा असं म्हणत नाही. काही नावं तिथेच असलेली बरी. पण एखादं नाव असं असेल, ज्याची वसुली तुम्ही रोज रात्री करताय आणि हातात काही पडत नाहीये. त्या नावापुढे आधी आपलं देणं लिहून बघा. ते शून्य निघालं तर मला जरूर कळवा!

परवा घेतलेली राखी अजून टेबलावर आहे. उद्या पाकीट टाकायचं आहे. या वर्षी दोन ओळी भाचीसाठीही लिहिणार आहे, उत्तराची अपेक्षा न ठेवता.

पुढच्या अंकात भेटूच. तोवर सगळ्यांना राखी पौर्णिमेच्या शुभेच्छा.